भात चिकट का होतो, कागद का फुगतो, च्युइंगम का निघत नाही

भाताचा गिचका झाला, पावसात दप्तरातलं पुस्तक भिजून फुगलं, पोरीच्या केसांत च्युइंगम अडकलं. तिन्ही वेळा हात आधी पाण्याकडे जातो किंवा पाण्याला दोष देतो, आणि तिन्ही वेळा पाणी वेगळंच वागतं. तांदळातलं स्टार्च गरम पाण्यात फुगतं आणि थोडं थोडं बाहेर झिरपतं. कागदातलं सेल्युलोज पाणी पितं, त्याचे तंतू सुटे होतात, पण ते विरघळत नाही. च्युइंगमचा रबरी गोळा पाण्याला आत येऊच देत नाही. या तिघांबद्दलचे रोजचे बहुतेक प्रश्न या एका फरकावर सुटतात.

आधी तांदूळ. दाण्यातल्या स्टार्चमध्ये दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात: अमायलोज सरळसोट, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. ज्या जातीत अमायलोज जास्त, तिचा भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर ताठरतो. बासमतीत ते साधारण २० ते २५ टक्के असतं. पूर्व आशियात जो अगदी चिकट तांदूळ खातात, त्यात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे आंबेमोहर किंवा इंद्रायणी घेऊन पुलावासारखा सुटा भात होत नाही म्हणून कष्टी होण्यात अर्थ नाही. वरण-तुपाबरोबर मऊ भात हवा म्हणूनच तो तांदूळ आपल्याकडे टिकून राहिलाय. मोकळा भात हवा असेल तर जुना कोलम किंवा बासमती घ्या.

‘जुना’ हा शब्द महत्त्वाचा. तांदूळ जुना होतो म्हणजे तो फक्त वाळत नाही. साठवणीच्या महिन्यांत दाण्यातल्या प्रथिनांमध्ये नवे बंध तयार होतात आणि स्टार्चच्या कणांभोवतीचं आवरण घट्ट होतं. असा दाणा शिजताना फुटत नाही, त्यातून स्टार्च कमी बाहेर येतं आणि तो पाणी जास्त पिऊन लांब होतो. नव्या तांदळात ही घट्टी आलेली नसते, म्हणून त्याच पाण्यात त्याचा लगदा होतो. कुकरमध्ये डब्यात भात लावताना एक वाटी नव्या तांदळाला पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. वर्षभर जुन्याला सव्वादोन, कधी अडीचही लागतं. दुकानदाराने तांदूळ जुना आहे म्हणून सांगितलं तरी पहिल्या वेळी दोनच वाट्या घाला. कमी पडलं तर वरून गरम पाणी शिंपडून वाफ देता येते, जास्त झालेलं मात्र काढता येत नाही.

भात जास्त करायचा असला की हमखास चूक होते ती पाण्याच्या पाढ्यात. एका वाटीला दोन, म्हणून चार वाट्यांना आठ, असं उघड्या पातेल्यात जमत नाही. दोन वाट्या पाण्यातलं साधारण दीड वाटी तांदूळ पितो आणि अर्धी वाटी वाफ होऊन जाते. किती वाफ जाईल हे पातेल्याचं तोंड, झाकण आणि वेळ यांवर ठरतं. तांदूळ चौपट केला म्हणून वाफ चौपट होत नाही. म्हणून चार वाट्यांना साडेसहा ते सात वाट्या पाणी बस्स. पंगतीचा भात तळाला गिच्च आणि वर बरा, असा होतो तेव्हा बहुतेक वेळा हाच हिशेब चुकलेला असतो.

धुण्याबद्दल दोन मतं ऐकू येतात. गिरणीत पॉलिश होताना दाण्याच्या अंगाला जी पिठी राहते ती दोन-तीन पाण्यांत निघून जाते, आणि ती काढावीच, कारण कुकरच्या शिट्टीतून उतू जाणारं पांढरं पाणी बरंचसं तिच्यामुळे घट्ट होतं. पण नुसतं धुऊन चिकट तांदूळ मोकळा होणार नाही, कारण खरा चिकटपणा शिजताना आतून येतो. भिजवण्याचा उपयोग त्याहून जास्त. वीस ते तीस मिनिटांत पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचतं. तांदळाचं स्टार्च जातीप्रमाणे ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फुगून शिजतं, पण गाभ्यात पाणीच नसेल तर तिथे नुसती उष्णता पोचून काही होत नाही. बाहेरचा भाग शिजून फुटतो आणि मध्ये कणी राहते. भिजवलेल्या तांदळाला पाणी दोन-तीन चमचे कमी घाला, कारण तेवढं त्याने आधीच घेतलेलं असतं.

कुकर उतरवल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडायची घाई भाताला मारक ठरते. आतलं पाणी साधारण १२० अंशांवर असतं. दाब एकदम उतरला की ते खळाखळा उकळतं, दाणे मोडतात आणि चिकट फेस झाकणाला लागतो. दाब आपोआप उतरायला दहा मिनिटं द्या. त्या वेळात वरचा आणि खालचा ओलावाही सारखा होतो. तरीही उतू जात असेल तर पाण्यात अर्धा चमचा तेल घाला. स्टार्चमुळे टिकून राहणारे बुडबुडे तेलाने फुटतात. भात पिवळट दिसत असेल तर बोअरचं पाणी हे कारण असू शकतं. तांदळात अगदी थोडी रंगद्रव्यं असतात, ती अल्कधर्मी पाण्यात पिवळी दिसतात आणि आम्लात फिकी पडतात. चार थेंब लिंबू पिळलं की दाणा पांढरा होतो.

फ्रिजमधला भात कडक का होतो? तो वाळतो म्हणून नाही. शिजताना सुट्या झालेल्या साखळ्या गार झाल्यावर पुन्हा एकमेकींशेजारी रचल्या जातात आणि पाण्याला बाजूला सारतात. हे काम फ्रिजच्या तापमानालाच सगळ्यात जोरात चालतं. फोडणीच्या भाताला कालचा भात बरा पडतो तो याचमुळे: दाणे घट्ट आणि सुटे झालेले असतात, परतताना मोडत नाहीत. मऊ करायचा असेल तर वाटीमागे एक-दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा. नुसता कोरडा गरम केला तर तो चामट होतो.

इथे एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात, वाढतात आणि त्यातले काही असं विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. ‘चांगला उकळून घेतला की झालं’ ही समजूत इथे लागू पडत नाही. मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो. म्हणून उरलेला भात ताटात पातळ पसरा, तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

भिजलेला मोबाइल तांदळात ठेवण्याने मात्र फायदा होत नाही. मिठाच्या बरणीतले चार तांदूळ थोडा ओलावा ओढतात, इतपत ठीक. पण फोनच्या आत शिरलेलं पाणी कोरडा दाणा बाहेरून खेचून घेऊ शकत नाही, उलट तांदळाची पिठी चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. आयफोन तांदळात ठेवू नका असं ॲपलनेही आपल्या सूचनांत लिहिलं आहे. फोन बंद करा, खाच खालच्या बाजूला ठेवून हलकेच झटका आणि हवा खेळती असेल तिथे ठेवा. वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

आता कागदाकडे जाऊ. मधला दुवा पतंग उडवणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांना माहीत आहे: शिताने चिकटवलेला कागद. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, फक्त जोड वेगळा. स्टार्चच्या जोडामुळे साखळीला वेटोळं पडतं आणि पाणी आत शिरतं. सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहून एकमेकींना घट्ट बिलगतात, म्हणून त्यांची दोरखंडासारखी मजबूत मोळी बनते. पण दोघांचं रसायन एकाच घरातलं असल्याने शिजलेलं स्टार्च कागदाच्या तंतूंमध्ये शिरतं आणि पाणी उडून गेलं की त्यांना धरून बसतं.

घरी खळ करायची तर एक चमचा तांदळाचं बारीक पीठ किंवा मैदा आणि सहा चमचे पाणी घ्या. पीठ आधी गार पाण्यातच कालवा. गरम पाण्यात टाकलं तर गुठळीच्या बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आत कोरडं पीठ अडकून बसतं. मग मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन खळ थोडी पारदर्शक आणि चकचकीत दिसली की स्टार्च शिजलं. त्याआधी उतरवली तर ती वाळल्यावर भुकटी होऊन सुटते. गार झाल्यावर पातळ थर लावा. जाड थराने कागद फुगतो, वाळायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. ही खळ झुरळांना आणि कसरीला आवडते. म्हणून बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालत आले आहेत. पण मोरचूद विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हस्तकलेसाठी ते घालू नका, खळच रोज ताजी करा.

कागदात स्टार्च आधीपासूनही असतं. झेरॉक्सच्या कागदाला शाई फुटू नये आणि पृष्ठभाग पक्का राहावा म्हणून कारखान्यात स्टार्च देतात. जखमेला लावायचं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब अशा कागदावर टाकला, की निळा-काळा डाग उमटतो. तोच थेंब भाताच्या शितावर टाकला तरी तोच रंग येतो. बनावट नोटा ओळखायचे जे पेन मिळतात त्यांत हेच आयोडीन असतं, म्हणून स्टार्च दिलेल्या साध्या कागदाच्या नोटेवर त्याची काळपट रेघ उमटते. आपल्या नोटांचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाचा असतो, असं रिझर्व्ह बँकच सांगते. खिशातली नोट धुण्यात जाऊनही बहुधा शाबूत निघते आणि तिच्याशेजारची दुकानाची चिठ्ठी गोळा होते, त्यामागे हा लांब, मजबूत तंतू आहे.

चिठ्ठीचा गोळा का होतो? कागदात तंतूंना धरून ठेवणारा वेगळा गोंद फारसा नसतो. तंतू एकमेकांना चिकटतात ते हायड्रोजन बंधांनी, आणि पाणी नेमक्या त्याच बंधांच्या जागा घेतं. स्वयंपाकघरातल्या पेपर टॉवेलमध्ये ओला असतानाही टिकण्यासाठी वेगळं रेझिन घातलेलं असतं. टॉयलेट पेपरमध्ये ते नसतं, म्हणून तो पाण्यात सुटा होतो. टॉवेल आणि वेट वाइप्स संडासात टाकले की पाइप तुंबतो तो यामुळेच.

भिजलेला तंतू जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ वाढत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की वह्या-पुस्तकांचे, फायलींचे, चिकटकामाचे अनेक घोटाळे टळतात. कारखान्यात जाळीवरून लगदा वेगाने पुढे जातो, त्यामुळे बहुतेक तंतू त्या दिशेला आडवे पडतात. वर्तमानपत्र एका बाजूने सरळ फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वेडंवाकडं, ते या तंतूंच्या दिशेमुळे. दिशा ओळखायची तर कागदाचा छोटा चौकोन कापून एकाच बाजूला ओल्या बोटाने पाणी लावा. तो क्षणात सुरळी होईल. सुरळीची लांबी ज्या दिशेला, तीच तंतूंची दिशा. पुठ्ठ्याला कागद चिकटवताना दोन्हींचे तंतू एकाच दिशेला ठेवा आणि पुस्तकात ते पुठ्ठ्याच्या कण्याला समांतर ठेवा. उलटे लागले तर खळ वाळताना पुठ्ठा पिळवटतो आणि वजनाखाली कितीही ठेवला तरी सरळ होत नाही.

पावसाळ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकायलाही हेच कारण. कागद हवेतला ओलावा घेत-सोडत असतो. उघडं पडलेलं रीम दमट हवेत कडेने फुगतं, मध्ये नाही, आणि कागद लाटेसारखा होतो. रीमचं वेष्टण मेणाच्या किंवा प्लास्टिकच्या अस्तराचं असतं ते यासाठीच. लागेल तेवढाच कागद काढा, बाकीचा त्याच वेष्टणात गुंडाळून सपाट ठेवा. आणखी एक उपयोगी हिशेब: ए-शून्य आकाराचा कागद बरोबर एक चौरस मीटर आणि त्यातून सोळा ए-फोर निघतात. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, एक ए-फोर ५ ग्रॅम, आणि ५०० कागदांचं रीम अडीच किलो भरायला हवं. बरंच कमी भरलं तर वेष्टणावर लिहिलेला जीएसएम किंवा कागदांची संख्या खरी नाही.

पुस्तक भिजलं तर उन्हात उघडं टाकू नका. बाहेरची पानं आधी आकसतात, आतली ओलीच राहतात आणि पुस्तक कायमचं पंख्यासारखं उघडं राहतं. थोडं भिजलं असेल तर दर पंधरा-वीस पानांमागे शाई नसलेला कोरा कागद घाला, तो दर काही तासांनी बदला आणि पंख्याखाली उभं करून ठेवा. जवळजवळ वाळलं, पण हाताला अजून गार लागतंय, अशा वेळी आडवं ठेवून वर वजन द्या. पूर्ण वाळल्यावर वजनाचा उपयोग होत नाही. फारच भिजलं असेल किंवा एकदम अनेक पुस्तकं असतील, तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, गोठवल्याने ती थांबते आणि मग एकेक करून वाळवायला वेळ मिळतो. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं सगळ्यात अवघड. त्यांच्या पृष्ठभागावरचा लेप भिजून पानं एकमेकांना चिकटतात आणि तशीच वाळली तर दगड होतो. ती ओली असतानाच पानापानांत बटर पेपर घालावा लागतो.

आता ज्याला पाणी लागत नाही ते. नव्या स्टीलच्या डब्यावरचं किमतीचं लेबल कितीही भिजवलं तरी कागदाचा लगदा निघतो आणि चिकटा तसाच राहतो. खळीने चिकटवलेलं लेबल ओल्या फडक्याखाली पंधरा मिनिटांत सुटतं, कारण खळ पाण्याची. स्टिकरचा चिकटा मात्र रबराच्या जातीचा. त्याला उष्णता लागते किंवा तेल. डबा रिकामा ठेवून आतल्या बाजूने गॅसवर काही सेकंद धरला की लेबल आख्खं निघतं, आणि राहिलेला चिकटा गोडेतेलाच्या बोटाने पुसला जातो.

च्युइंगम याच कुळातलं. पूर्वी ते चिकल नावाच्या चिकापासून होत असे. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांत ज्या झाडाला खाचा पाडून हा चीक काढत, ते झाड म्हणजे आपलं चिकूचं झाड, डहाणू-घोलवडच्या वाड्यांत आहे तेच. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठांना बसणारा चिकटपणा पाण्याने जात नाही, तेलाने जातो. आजच्या गमचा आधार बहुतेक कृत्रिम असतो: पॉलिआयसोब्युटिलीन, ब्युटाइल रबर आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. यातलं शेवटचं सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातही असतं. तोंडाच्या ३७ अंशांना ते मऊ होतं आणि गार पाणी प्यायलं की घट्ट. साखर पाण्यात विरघळणारी, म्हणून काही मिनिटांत गोडी जाते आणि रबर उरतं. फुगा करायचा असेल तर ही साखर आधी चघळून काढावी लागते. तिचे कण आत असतील तर पातळ पडदा ताणताना तिथेच फाटतो.

गम चघळताना चॉकलेट किंवा शेंगदाणे खाल्ले तर गमचा भुगा होऊन तोंडात पसरतो. चरबी रबरात शिरून साखळ्या सैल करते. केसांतला गम काढायला हाच गुण वापरायचा: खोबरेल तेल गमवर आणि आजूबाजूच्या केसांवर सढळ हाताने लावा, दहा मिनिटं बोटांनी चोळा, मग दातरी कंगव्याने टोकाकडून वर जात सोडवा. कात्रीची गरज क्वचितच पडते. कपड्याला उलट थंडी द्या. कपडा पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. गम काचेसारखा ठिसूळ होतो, मग चमच्याच्या कडेने खरवडला की तुकडे पडतात. उरलेल्या ठशाला थोडं तेल, नंतर भांड्याचा साबण. गरम पाणी आधी लावू नका, त्याने गम वितळून विणीच्या आत जातो.

पुस्तकाच्या पानाला गम लागला तर तेल अजिबात नको. कागद पांढरा दिसतो तो तंतूंमधल्या हवेमुळे. तेल ती जागा भरून काढतं आणि कायमचा पारदर्शक डाग देतं. तिथे फक्त फ्रीजर आणि पातळ पट्टी.

गिळलेला गम पोटात सात वर्षं राहतो हे खरं नाही. गमचा रबरी आधार पचत नाही, पण बाकीच्या न पचणाऱ्या गोष्टींबरोबर काही दिवसांत बाहेर पडतो. लहान मुलं रोज अनेक गोळ्या गिळत असतील तर मात्र आतड्यात अडथळा झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे थुंकणं कळत नाही अशा वयात गम देऊ नये. शुगर-फ्री गममध्ये बहुधा साखरेऐवजी सॉर्बिटॉल असतं. दिवसभर एकामागून एक खाल्ले तर पोट बिघडतं. काहींमध्ये झायलिटॉल असतं. ते माणसाला चालतं, पण कुत्र्याला थोडंसंही घातक: त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. घरात कुत्रा असेल तर पाकीट उंचावर ठेवा, आणि खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता पाकिटासकट त्याला पशुवैद्याकडे न्या.